रुपराव धांडे यांच्या खोकल्याबाबत

दि. १९ एप्रिल २०२५

मी, चंपतराव गोमाजी भोयर, वय ५७ वर्षे, धंदा साउंड सर्व्हिस, दुकान व राहणे इतवारी, नागपूर, आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की, माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे. आधी दुसऱ्यांचे भोंगे डोक्यावर वाहत होतो, आता भोंगे माझे आणि टेम्पोही माझा. कान चांगले आहेत. हे बढाई म्हणून सांगत नाही, पुढच्या हकिकतीत त्यांचे काम आहे म्हणून सांगतो.

वेणाकाठ संशोधन केंद्राचे प्रमुख डॉ. केशव हरकरे यांनी तक्रार दिली आहे की, मी कोराडी येथील त्यांच्या खोलीतून संगणकाची डिस्क चोरून नेली. तक्रार मला वाचून दाखवली. डिस्क मी आणली हे खरे आहे. ती आज हजर करतो. का आणली ते सांगतो.

सदर केंद्रात नुसत्या खोकल्यावरून छातीचा आजार ओळखणारे मोबाइलचे ॲप तयार होत आहे. त्यात डॉक्टर, इंजिनिअर, कॉम्प्युटरवाले आणि घरोघर विचारपूस करणारे अशी सगळी मंडळी आहेत. बुटीबोरीच्या कामगारांचा खोकला कारखान्याच्या गेटवर रेकॉर्ड करायचा, त्याला त्या माणसाच्या छातीचा रिपोर्ट जोडायचा आणि त्यावरून ॲपला शिकवायचे, असे काम. त्याकरिता माझा एक माइक भाड्याने नेला होता. गेटवरचे काम अपूर्व देशकर पाहत.

मागील आठवड्यात सोमवारी केंद्रातील संशोधक विद्यार्थिनी वेदिका सगदेव दुकानात आली. माइक बिघडला काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "नाही काका. माइक चांगला आहे. ॲपच जरा जास्त चांगलं आहे. तपासायला बसले तर एकदाही चुकत नाही."

मी म्हटले, "मंग पेढे आण. तोंड काहून पाडून बसली?"

ती म्हणाली, "चुकत नाही त्याचीच भीती वाटते. तुम्ही ऐका ना एकदा."

मी हेडफोन घालून ऐकले. रेकॉर्डिंगवर लिहिलेली नावे बिहारची, ओडिशाची, छत्तीसगडची. वये वेगवेगळी. परंतु खोकला संपल्यावर जो श्वास सुटतो, त्यात दबक्या आवाजात आपल्या इकडचे "माय वं" असे ऐकू येत होते. जिथे रेकॉर्डिंग लवकर कापले होते तिथे नाही, बाकी सगळीकडे. बिहारातल्या गयेकडचा माणूस इकडे येऊन चार महिन्यांत बरेच काही शिकतो, पण खोकून थकल्यावर आईला स्वतःच्याच बोलीत हाक मारतो. हा सगळा एकच माणूस आहे, एवढेच मी वेदिकाला सांगितले. तो कोण हे मला कळले होते. ते सांगितले नाही.

तो आवाज रुपराव सोनबाजी धांडे, वय ४९, यांचा होता. ते अनेक वर्षे माझ्याकडे स्पीकरचे खोके टेम्पोत चढवण्याचे काम करत. संक्रांतीच्या सुमारास, "मालक, बसून करायचं काम भेटलं," असे सांगून त्यांनी काम सोडले.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांचा शर्ट जुनाच होता, अंगावर मोठा दिसत होता. मी विचारले, "काय काम करून राहिला गा?"

ते हसून म्हणाले, "खोकून राहिलो."

त्यांनी सांगितले की, सुट्टी झाली की कामगार बससाठी पळतात, माइकसमोर कोणी थांबत नाही. म्हणून अपूर्व साहेब त्यांना खोलीत बसवून एकेका नावावर खोकायला लावतात. रिपोर्टात आजार असला तर जोरात, नसला तर हळू.

मी म्हटले, "आणि तुह्या सोताच्या छातीचा रिपोर्ट?"

"त्याले रिपोर्ट कायले पाह्यजे? मोबाइल सांगते ना." असे म्हणून त्यांनी अपूर्व यांनी दिलेल्या मोबाइलमध्ये खोकून दाखवले. हिरवा रंग आला, खाली 'निरोगी' असे आले. खोकला हळू होता. जोरात खोकण्याची ताकद त्यांच्यात राहिली नव्हती. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चाल, असे मी म्हटले. त्यावर ते म्हणाले, "इतके मोठे डाक्टर खोटं बोलतीन काय, मालक?"

मंगळवारी मी डॉ. हरकरे यांना भेटलो. त्यांनी चहा मागवला. बोलताना ते पेनची कळ सारखी टकटक दाबत होते. मी रुपराव हे नाव घेतले तेव्हा टकटक थांबली. ते म्हणाले, "असं कोणी आमच्याकडे नाही. आणि भोयर, लग्नात डीजे लावणं वेगळं, विज्ञान वेगळं."

मी म्हटले, "हो जी. आम्ही एकच नवरदेव दहा मांडवांत नाही उभा करत." चहा तसाच राहिला.

बुधवारपासून रुपराव यांचा फोन बंद लागला. त्यांच्या पत्नी यमुताई म्हणाल्या, "अपूर्व साहेब गाडी घेऊन आले होते. मोठ्या डाक्टरकडं नेतो म्हणे." कोणत्या, ते त्यांना सांगितले नव्हते.

गुरुवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "मालक, मले घरी" एवढेच शब्द आले, मग खोकला, मग फोन बंद. मागे ट्रक मागे घेतानाची पिपाणी, नागपूरकडे जाणाऱ्यांसाठी कंडक्टरची "बर्डी, बर्डी" अशी हाक आणि एक लांब भोंगा ऐकू आला. कोराडीला मी दर नवरात्रात साउंड लावतो. आरतीच्या मधेच वाजणारा वीज केंद्राचा तो भोंगा मी विसरणार नाही.

मी टेम्पो घेऊन गेलो. वीज केंद्राच्या कॉलनीमागे राखेने पांढऱ्या झालेल्या चाळीत एका बाईला विचारले. ती म्हणाली, "तो खोकणारा भाऊ? दिवसभर चालूच असते त्याचं. लेकराले झोपू देत नाही." तिने खोली दाखवली. दाराला कुलूप नव्हते, बाहेरून कडी होती. हे वेगळे लिहून घ्यावे ही विनंती.

आत रुपराव माझ्याच माइकसमोर बसले होते. मला पाहून त्यांनी हाताने थांबण्याची खूण केली, कारण रेकॉर्डिंग चालू होते. ते संपेपर्यंत मी दारात उभा राहिलो. नंतर मी माझा माइक घेतला, डिस्क घेतली आणि रुपराव यांना उचलून टेम्पोत चढवले. वजन लागले नाही. डिस्क अशासाठी घेतली की, मागे ठेवली असती तर आज ती कोरी सापडली असती असा माझा संशय आहे.

सरकारी दवाखान्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारले की, याआधी कुठे दाखवले होते काय. रुपराव यांनी खिशातून तोच 'निरोगी' सांगणारा मोबाइल काढून त्यांच्यापुढे धरला. दोन्ही बाजूंना टीबी निघाला. काल सकाळपासून त्यांना बोलता येत नाही. सोमवारपासून हे ॲप बुटीबोरीच्या गेटवर लागणार आहे आणि ज्याला हिरवा रंग येईल त्याचा एक्स-रे काढायचा नाही असे ठरले आहे. हे वेदिकाने मला सांगितले. तिचाही जबाब घ्यावा.

डॉ. हरकरे यांच्या तक्रारीत डिस्क लिहिली आहे, डिस्कची वायर लिहिली आहे. त्याच खोलीतून, त्याच वेळी मी एक माणूसही नेला, त्याबद्दल तक्रारीत काही नाही. ते विसरले असतील असे मला वाटत नाही.

माझा जबाब मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. हजर केलेल्या डिस्कच्या वर्णनात 'बुटीबोरी येथील कामगारांच्या खोकल्याचे आवाज' असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'रुपराव सोनबाजी धांडे यांच्या खोकल्याचे आवाज' असे करण्यात आले व खोडलेल्या जागी मी सही केली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
चंपतराव गोमाजी भोयर