छातीवर बसलेला माणूस

मनोविकार विभागाच्या औषधखिडकीपाशी रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या.

“आज तुझा भाऊ नाही आला सोबत?”

“गेला तो, ताई. मागच्या महिन्यात. उरलेल्या गोळ्या परत द्यायला आलेय.”

“अगं बाई. कशानं?”

“फ्लूचा ताप आला होता. चार दिवसांत उतरला, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. मग म्हणायला लागला, छातीवर माणूस बसलाय, उठतच नाही.”

“मग?”

“वीस वर्षं त्याला माणसं दिसायची. मला वाटलं, भास वाढलेत. दवाखान्यात नेलं, तर त्यांनीही जुनी फाइल बघून झोपेचं औषध वाढवलं. छाती तपासायची नळी कुणी लावलीच नाही. तिसऱ्या दिवशी गेला.”

“तुझा काय दोष त्यात?”

“मी दटावलं होतं त्याला. कुणी नाही बसलेलं, गप झोप म्हटलं.”

ताईंनी वळून दाराकडे पाहिलं.

“आमच्या धाकटीलाही गेल्या आठवड्यात ताप होता. कालपासून म्हणतेय, खोलीतली हवा कुणीतरी चोरतंय.”

“कुठाय ती?”

“बाहेर, बाकावर.”

“रांग सोडा, ताई. मी येते सोबत डॉक्टरांकडे. छाती तपासल्याशिवाय तिथून हलायचं नाही.”