अमीरबीचा असील

(लातूर नवाच जिल्हा झालेला, लागोपाठ दुसरा दुष्काळ. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपौंडर माणिकप्पा. टेबलावर पाय बांधलेला पांढरा कोंबडा. समोर अमीरबी, दारात तिचा लेक नजीर.)

अमीरबी : बसायला न्हाई आले मी. हा तुझा पांढरा धर आन माझा असील कोंबडा दे.

माणिकप्पा : चाची, योजनाच तशी हाय. गावठी कोंबडा द्या, सुधारित घ्या. नजीरनं सही केलीय.

अमीरबी : गावठी? माझ्या आजेसासऱ्यापासून ही नस्ल आमच्या अंगणात हाय. दुसऱ्या कोंबड्याची सावली पडू दिली न्हाई आमी. अख्ख्या तालुक्यात तसला नर एकच उरला व्हता. त्याला तू गावठी लिवलंस?

माणिकप्पा : कागदावर रकानेच दोन हायेत. गावठी न्हाईतर सुधारित.

नजीर : अम्मा, घरी चल. लोक बघायलेत.

अमीरबी : बघू दे! देगलूरला लेकीच्या बाळंतपणाला काय गेले, माघारी हे केलंस तू?

नजीर : केलं! टँकर चार दिसाला येतो. माझ्या पोरीला पानी मोजून द्यायलोय मी. आन तू कोंबड्याला वाटी वाटी पाजतीस!

अमीरबी : माझ्या वाटनीचं पाजत व्हते.

नजीर : तेच! तुझे व्हट फुटलेत, अम्मा. मला दिसत न्हाई का?

अमीरबी : माझ्या व्हटाचं मी बघते. माणिकप्पा, कुठंय त्यो?

माणिकप्पा : लातूरला गेला.

अमीरबी : मंग लातूरला जाते. एस्टी किती वाजता हाय?

माणिकप्पा : नका जाऊ, चाची.

अमीरबी : का?

माणिकप्पा : नवा जिल्हा, मोठे साहेब आले व्हते. त्यांची पंगत झाली. गोळा केलेले समदे कोंबडे तिकडंच गेले... मी लिंगायत मानूस. मी तोंडाला लावलं न्हाई, शपथ.

अमीरबी : खाल्लं न्हाईस. पाय बांधून जीपमधी कुनी टाकलं?

माणिकप्पा : ...मीच.

अमीरबी : वरडला का?

माणिकप्पा : न्हाई. मान वर करून बसला व्हता.

अमीरबी : बसनारच. तुमच्यासारखा हाय व्हय त्यो.

माणिकप्पा : नजीर, ह्या पांढऱ्याला तुमच्या कोंबड्यांत सोडलं का?

नजीर : न्हाई. सहा दिस झाले, डालग्याखालीच व्हता. हिच्या भ्यानं.

माणिकप्पा : मंग ऐका, चाची. नर गेला तरी आठ-धा दिस त्याचं बीज कोंबडीच्या पोटात राहतंय. आत्ताची अंडी त्याचीच. नस्ल बुडाली न्हाई.

अमीरबी : मला शिकवतूस? घरी पाय ठिवल्या ठिवल्या अकरा अंडी गार ऱ्हावीत म्हनून रांजनाखालच्या वाळूत पुरली मी.

माणिकप्पा : तुमाला ठावं व्हतं? मंग इतक्या उन्हात आलात कशाला?

अमीरबी : नस्ल मागायला न्हाई आले. त्याला न्यायला आले व्हते. ह्या पांढऱ्याचे पाय सोड. त्याचा काय गुन्हा न्हाई.

नजीर : अम्मा, खुडूक कोंबडी हाय एक. सांजच्याला अंड्यावर बसवू का?

अमीरबी : बसव. आज माझ्यासंगं बोलू मात्र नको.