मडिवाळप्पाचं नाव रोममध्ये निघालं

प्रतीक्षा : नाही मुत्त्या, परत अडकले. गुबरनातोर, रेक्तोर, दुक्स… पुढं पांढरं. काहीच दिसत नाही डोळ्यांपुढं.

सिद्धप्पा : कमाल हाय. आपरेशन माझ्या डोळ्याचं आन् दिसत न्हाय तुला.

प्रतीक्षा : हसू नका ना. गेल्या वर्षी अगदी अस्संच झालं होतं. स्क्रीनवर चौघं बसलेले, रोमच्या विद्यापीठाचे. म्हणाले, जहाज चालवणाऱ्या, वाट दाखवणाऱ्या माणसांना लॅटिनमध्ये काय काय म्हणायचे ते सांग. पाचही शब्द पाठ होते माझे. एकही आला नाही. 'थँक यू' म्हणाले आणि बंद केलं.

सिद्धप्पा : आज किती वाजता हाय?

प्रतीक्षा : साडेतीनला. दोन वाजून गेले की.

वैजयंती : म्हणून म्हणते, दोन घास खा आधी. दहीभात कालवलाय. सकाळपासून नुसती खोलीभर फिरलालीस.

प्रतीक्षा : आई, मुलाखत झाल्यावर खाते गं.

वैजयंती : आणि आपलं काय ठरलंय ते लक्षात आहे ना? आज नाही जमलं तर बीएडचा फॉर्म भरायचा. मग रडारड नको.

प्रतीक्षा : लक्षात आहे. यंदा वयाची अटही संपतेय. परत बसते म्हटलं तरी बसू देणार नाहीत. आज झालं तर झालं.

सिद्धप्पा : वैजयंती, पोरगी मुलाखतीला बसनार आन् तू बीएड काय काढलीस मधीच?

वैजयंती : आज्जा-नात दोघं सारखीच. तुम्ही मान खाली घालू नका, मामा. आठ दिवस वाकायचं नाही, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. वर बघा, थेंब घालते.

सिद्धप्पा : घाल बाई. गावातनं उचलून ह्या जुळे सोलापुरात कोंडलंयसा, आता वर बघ म्हन, खाली बघ म्हन. आगं यव्वा, मला एक सांग. ही लॅटिन म्हंजी रोमच्या लोकांची जुनी बोली. आता कोन बोलत न्हाय, म्हनतीस. मग तू चुकलीस तर कळनार कुनाला?

प्रतीक्षा : त्या चौघांना. तेवढेच पुरतात.

सिद्धप्पा : आन् त्यांच्या जहाजाचं तुला काय पडलंय?

प्रतीक्षा : किती वेळा सांगितलं तुम्हाला. आपल्याकडच्या तेर गावात जमिनीत रोमचे मणी निघाले, भांडी निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं कापड जहाजात बसून तिकडं जायचं. मला तो सगळा रस्ता शोधायचाय. तिथं प्रवेश मिळाला तर दोन वर्षं राहणं-खाणं त्यांचंच.

सिद्धप्पा : बरं. मग ती यादी टेबलावर पालथी टाक. आता मला जहाज दाव. मी काय जहाज बघितलं न्हाय, भीमेतली होडी बघितलीया तेवढी.

प्रतीक्षा : मुत्त्या, तास-सव्वा तास राहिलाय.

सिद्धप्पा : तासाभरात गावची जत्रंतली काठी वेशीतनं देवळात येती. सांग तू. सगळ्यात म्हत्त्वाचा कोन?

प्रतीक्षा : गुबरनातोर. सुकाणू त्याच्या हातात. जहाजाच्या पार मागच्या टोकाला असतो. नजर सारखी वर. चांदण्या, वारा, शीड. पुढचं पाणी त्याला धड दिसत नाही, मधे शीड येतं.

सिद्धप्पा : ह्यो तर मडिवाळप्पा.

प्रतीक्षा : काय?

सिद्धप्पा : आमचा मडिवाळप्पा की. जत्रंत तीस हाताची काठी कमरंच्या पट्ट्यात एकटा पेलतो. मान वर, नजर शेंड्यावर. नजर ढळली की काठी कलली. म्होरं खड्डा हाय का म्हस हाय, त्येला काय दिसतंय?

वैजयंती : मामा, आत्ता तिला जत्रेत कुठं न्यायला लागलात?

सिद्धप्पा : तू गप बस की जरा. म्होरला सांग, यव्वा.

प्रतीक्षा : थांबा… पुढचं पाणी बघायला एकजण जहाजाच्या नाकाडावर उभा असतो. खडक दिसला, उथळ दिसलं की हातानं खुणा करतो. मागच्यानं त्याच्या खुणेवर सुकाणू फिरवायचं. तो प्रोरेता.

सिद्धप्पा : ह्यो मी.

प्रतीक्षा : हो की. तुम्हीच. काठीच्या पुढं उलटे चालत जाता ते.

सिद्धप्पा : बत्तीस वर्सं. पाठ रस्त्याकडं आन् तोंड मडिवाळप्पाकडं. पेलनाऱ्याच्या तोंडाकडं बघितल्याबिगर त्यो दमलाय का भ्यालाय ते कळत न्हाय. वाट मला पाठ हाय, मानूस रोज नवा असतो.

प्रतीक्षा : पण पुस्तकात तुम्ही दोन नंबरला आहात हं. प्रोरेता हा गुबरनातोरच्या हाताखालचा.

सिद्धप्पा : पुस्तक लिवनाऱ्यानं काठी उचलली नसंल. जाऊ दे. म्होरं.

प्रतीक्षा : वल्हं मारणाऱ्यांना ताल देणारा, होर्तातोर. त्याच्या ठोक्यावर सगळी वल्ही एकदम पडतात.

सिद्धप्पा : हलगीवाला भीमा. त्येची हलगी थांबली की आख्खा गाव जागच्या जागी. मडिवाळप्पाचं पाऊल त्येच्या हलगीवर पडतंय.

प्रतीक्षा : रेक्तोर. सरळ ठेवणारा, तोल जाऊ न देणारा.

सिद्धप्पा : चार दोरवाले. चारी अंगानं दोर तानून धरत्यात, म्हनून काठी सरळ. ऱ्हायलं का कोन?

प्रतीक्षा : दुक्स राहिला. म्हणजे पुढारी. सगळ्यांच्या पुढं तो चालतो, बाकीचे त्याच्या मागं.

सिद्धप्पा : प्रभुलिंग.

वैजयंती : प्रभुलिंगभाऊजी? त्यांनी काठीला कधी बोट तरी लावलंय का?

सिद्धप्पा : बोट न्हाय लावलं. पन फेटा सगळ्यात मोठा, हार पहिला, फोटोत मधी. पुढारीच की त्यो.

प्रतीक्षा : मुत्त्या, दुक्स म्हणजे सेनापती हो. लढाईवर जाणारा.

सिद्धप्पा : त्यो बी लढतो की, हारासाठी. आता डोळं मीट. यादी आठवू नगंस. वेशीत हुबी ऱ्हा. काठी उचललीया, हलगी वाजाय लागली. कोन कोन दिसतंय, बोल.

प्रतीक्षा : पुढं फेटा बांधून प्रभुलिंगकाका, दुक्स. मग तुम्ही उलटे, प्रोरेता. मडिवाळप्पा वर बघत… गुबरनातोर. दोरवाले, रेक्तोर. कडेला भीमाकाका, होर्तातोर. अगं आई, आले की सगळे.

वैजयंती : मग आता भात खा.

(साडेचारचा सुमार. स्वयंपाकघरात सिद्धप्पा आणि वैजयंती. आतल्या खोलीचं दार बंद.)

सिद्धप्पा : काय ऐकू येतंय का?

वैजयंती : मगाशी धाडकन काहीतरी आदळलं. मग हसण्याचा आवाज आला.

सिद्धप्पा : कोन हसलं?

वैजयंती : ती नाही. ते लोक. चांगले खोखो हसत होते.

सिद्धप्पा : वीस मिन्टाचं काम हाय म्हनली हुती की.

वैजयंती : तासभर झाला. चहा दोनदा उतू गेला, मामा. थांबा, दार उघडलं… प्रतीक्षा, डोकं का धरलंयस? काय लागलं?

प्रतीक्षा : कपाटाचं हँडल लागलं. मागून.

वैजयंती : मुलाखतीत कपाट कुठनं आलं?

प्रतीक्षा : सांगते, आधी पाणी दे. त्यांनी यादी विचारलीच नाही गं. एक उतारा पुढं ठेवला, कधी न बघितलेला. म्हणाले, मोठ्यानं वाच आणि इंग्रजीत अर्थ सांग. वादळ आलंय, जहाज हेलकावतंय, सुकाणूवरचा माणूस वर बघतोय. मला सगळं कळत होतं. आपली काठीच दिसत होती समोर, शेंडा वाऱ्यानं हलतोय अशी. आणि मी ठणठणीत आवाजात सांगितलं, मडिवाळप्पा वर बघतोय, त्याला खडक दिसत नाही.

सिद्धप्पा : नाव घेतलंस त्येचं?

प्रतीक्षा : तीन वेळा. मडिवाळप्पानं सुकाणू वळवलं, मडिवाळप्पा ओरडला. मला पत्ताच नाही. चौघं एकमेकांकडं बघायला लागले तेव्हा कळलं.

वैजयंती : झालं. संपलं सगळं.

प्रतीक्षा : मलाही तसंच वाटलं. त्यांच्यात एक वयस्कर बाई आहेत, पांढऱ्या केसांच्या. त्या पुढं झुकल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हे मडिवाळप्पा कोण? ह्या लेखकाचं आम्ही काही वाचलेलं नाही."

सिद्धप्पा : लेखक? त्यो सहीला दोन मिन्टं लावतो.

प्रतीक्षा : मग काय करू, थाप मारता येईना. सांगून टाकलं सगळं. काठी, पट्टा, दोर, हलगी. म्हटलं, पुढं माझे आजोबा असतात, उलटे चालतात. तर त्या बाईंनी लगेच अडवलं. म्हणाल्या, दोघं समोरासमोर, म्हणजे आजोबांचं डावं ते पेलणाऱ्याचं उजवं. घाईत घोटाळा व्हायचा. मग वाट सांगतात कशी?

सिद्धप्पा : डावं-उजवं म्हनायचंच न्हाय. नव्या मानसाला पैल्या दिवशी तेच शिकिवतो आमी. वडाकडं, हिरीकडं, गिरनीकडं. वड काय कुनासाठी जागा बदलत न्हाय.

प्रतीक्षा : हेच, हेच सांगितलं. पण त्यांना नुसत्या बोलण्यानं कळेना, म्हणून करून दाखवायला उठले. खुर्चीत झाडू उभा केला, तो मडिवाळप्पा. आणि मी त्याच्याकडं तोंड करून उलटी चालत गेले. मागं कपाट.

सिद्धप्पा : खोली पाठ नव्हती तुला.

प्रतीक्षा : चौघं असे हसले, मुत्त्या, मी पण हसले. त्यानंतर भीतीच गेली. एक दाढीवाले आहेत, ते कागदावर काढून घ्यायला लागले. वड कुठं, विहीर कुठं, गिरणी कुठं. म्हणाले, बंदरात शिरताना जहाजावरचे दोघंही असंच बोलत असतील का, ह्याचा कुणी नीट विचार केलेला दिसत नाही. तुला करायला आवडेल का?

वैजयंती : अगं, पास का नापास ते सांग आधी. माझा जीव चाललाय इथं.

प्रतीक्षा : दहा मिनिटं आवाज बंद करून आपापसांत बोलले. मी नखं खात बसले. मग त्या बाई म्हणाल्या, पत्र सोमवारी येईल, पण तू तयारीला लाग. सप्टेंबरात ये.

सिद्धप्पा : ये म्हनल्या?

प्रतीक्षा : ये म्हणाल्या.

वैजयंती : मामा, डोळे. पाणी काढायचं नाही.

सिद्धप्पा : मी कुटं काढलालोय? तुझं बघ, पदर भिजलाय समदा. हिचा बाप दीपक कामावरनं येईल तवा त्येला मी सांगनार, तुमी दोघींनी तोंड उघडायचं न्हाय. आन् आता माझा फोन दे, मडिवाळप्पाला लाव.

प्रतीक्षा : घ्या, वाजतोय.

सिद्धप्पा : हालो, मडिवाळ? सिद्धप्पा बोलतोय. तुझं नाव आज रोममधी निघालं, बाबा… न्हाय, न्हाय, पोलिसाचं काय न्हाय. चांगल्यापायी निघालं. तुला जहाज दिलंय चालवाय… व्हय, शुद्धीत हाय मी. आमची प्रतीक्षा चाललीया तिकडं, शिकाय… लई लांब. इमानानं… व्हय, एकटीच… आनंद म्हंजी काय, पोटात मावंना झालाय. पन छातीत बी कसंतरी होतंय बघ, ह्ये कुनाला सांगू नगंस. ठिवतो.

प्रतीक्षा : आई, खरं सांग, तुला बरं वाटलं ना? तुला तर मी बीएड करावं असंच वाटत होतं.

वैजयंती : तुझ्यासाठी नव्हतं गं ते. गेल्या वर्षी चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडली होतीस. परत तशी बघवली नसती मला, म्हणून मीच आपली दुसरी वाट धरून बसले होते.

प्रतीक्षा : आता भिंतीकडं तोंड करायला वेळच नाही. केवढं करायचंय. पासपोर्ट शोधायचा, गरम कपडे बघायचे, आपल्याकडं एवढ्या सामानाला बॅगसुद्धा नाही.

वैजयंती : बॅग आहे.

प्रतीक्षा : कुठली?

वैजयंती : माझ्या पलंगाखाली, जुन्या चादरीत गुंडाळलेली. निळी, चाकांची.

प्रतीक्षा : कधी आणलीस?

वैजयंती : गेल्या वर्षी, तुझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी. दुकानदार नंतर परत घ्यायला तयार होता. मीच नेली नाही.