कड खालच्या बाजूला

नाही, बाहेर नको बसूस, बाहेर पुरुष माणसं खुर्च्या मांडताहेत — इथे स्वयंपाकघरातच ये. प्रार्थना सहाला, आत्ता कुठे साडेतीन वाजलेत. कोट काढून ठेव, ओव्हन चालू आहे, घामेजशील. काय नाव म्हणालीस? कोन्सुएलो. बरं. ला हुन्ताहून आलीस, बसने, आणि आमच्या एलिसेओने कधीतरी तुझा पाण्याचा पंप फुकट दुरुस्त करून दिला होता, म्हणून आज नवव्या दिवशी त्याच्या नावाने जमिनीवर चुन्याने काढलेला क्रूस उचलताना पायाकडचा चुना तुला उचलायचाय — बरोबर ऐकलं ना मी? मी काही नाही म्हणत नाहीये. डोक्याकडे त्याचा भाऊ आहे, दोन हातांना माझे दोन मुलगे, छातीशी मी. पायाकडचं अजून कोणाला सांगितलेलं नाही. पण हा चुना उद्या कबरीवर टाकला की संपलं, मग माणूस कायमचा गेला म्हणायचा — तेव्हा मागतेयस ते लहानसहान नाही. एका पंपाच्या मानाने तर फारच. बघू. आधी हातातलं होऊ दे, साठ माणसं जेवायचीत.

हे बीफ पहाटेच उकडून, धागे सुटे करून ठेवलंय, कांदा-लसूण-जिरं सगळं घातलंय त्यात, तू काही घालू नकोस. हे चीज, त्या मेनोनाइट पंथाच्या शेतकऱ्यांच्या वाडीवरचं — किसायचं नाही, हाताने ओढून तुकडे करायचे, आमच्याकडे असंच. टॉर्टिला तव्यावर गरम करून ह्या फडक्यात गुंडाळून ठेवलेत, एकेक काढ, सगळे उघडे टाकलेस तर कडक होतील नि गुंडाळताना फाटतील. एवढं तरी येत असेलच तुला. मधे मांस, त्यावर चीज, घट्ट गुंडाळायचं आणि ट्रेमध्ये लावायचं. टोचायला काड्या हव्यात तर ही डबी तुझ्यासमोरच आहे. तोवर मी चटणीच्या मिरच्या भाजते. डोळे झोंबतील हं. झोंबू देत — रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, आत्ता कोणी विचारणार नाही.

एवढ्या लांबून आलीस, दमली असशील. आणि हे काळं झंपर नवीन शिवलंयस वाटतं, की कोणाचं मागून आणलंस, खांद्यात सैल होतंय. नाही, छान आहे, मला आपली सवय आहे बघून बोलायची. एलिसेओ म्हणायचा, हेर्मिनिया, तुझ्या जिभेला हाड नाही. खरं आहे. पण हे सांगणारा नवरा तरी माझ्याशी कधी धड बोलायचा? तीस वर्षांत ह्या घरात मीठ कुठे असतं ते त्याला माहीत नव्हतं. आणि ऐक आता गंमत. अकरा वर्षांपूर्वी, रविवार होता, मी कढईत हेच रोल तळत होते — आमच्याकडे तळायचेच, माझी आई तळायची, तिची आई तळायची, प्रत्येकाला एकेक काडी टोचून, नाहीतर तेलात उलगडतात. तर हा आला, चुलीपाशी उभा राहिला, आणि म्हणतो, हेर्मिनिया, तळतेस कशाला, ओव्हनमध्ये घाल ना. वरून ब्रशने तेल लाव, आणि कड खालच्या बाजूला ठेव, वजनानेच चिकटते, काडी लागतच नाही. अर्ध्यात एकदा उलटव.

मी हातातला झारा खाली ठेवला. मीठ कुठे ते माहीत नसलेला माणूस मला कड सांगत होता.

विचारलं का मी, कोणी शिकवलं म्हणून? नाही विचारलं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, खोटं बोलता यायचं नाही त्याला, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं — दोन मुलं शाळेत होती माझी. मी मुकाट्याने ओव्हन लावला. आठ खाल्ले त्याने, चटणीत बुडवून बुडवून, बोटं चाटली. तेव्हापासून अकरा वर्षं ह्या घरात हे भाजलेलेच होतात, आणि दर गुरुवारी तो ला हुन्ताला पंप बघायला जायचा. एवढे पंप तुमच्या गावात बिघडतात तरी कसे, मला नेहमी वाटायचं.

अशी थांबू नकोस, गुंडाळत राहा. नऊ दिवस मी रोज हेच करतेय, माहितीय? लोक कंटाळले. धाकटा म्हणाला, आई, एक दिवस तरी तांबड्या मिरचीचा रस्सा कर. नाही केला. जी जी अनोळखी बाई ह्या दारात आली, तिला मी इथे ह्याच खुर्चीवर बसवलं, समोर ही डबी ठेवली नि गुंडाळायला लावलं. कारखान्यातली एक आली, काडी टोचली. बाजारातली भाजीवाली आली — टोचली. एक चांगली गोरीगोमटी आली, टपोरे डोळे, मला वाटलं हीच, तिने दोन-दोन टोचल्या. आणि आज तू. ट्रेकडे बघ. बघ की. अठरा रोल झाले, डबीचं झाकणसुद्धा उघडलं नाहीस, आणि अठराही कड खाली.

बस खाली, चेलो. चेलोच म्हणायचा ना तुला? झोपेत म्हणायचा, म्हणून माहीत. मी ओरडणार नाही, मुलांना हाक मारणार नाही. आज माझ्या घरी पाहुणे आहेत. मला वाटलं होतं कोणी नटवी असशील, भुवया काढलेली. तू तर माझ्यासारखीच, ढोपरं दुखणारी, बोटांना मिरचीचा वास. अशा बाईसाठी दर गुरुवारी दोन तास बसने जायचा — मला राग येतो तो ह्याचा.

आणि आता पाय हवेत तुला त्याचे. दवाखान्यातही आली होतीस, दोनदा, कळलं होतं मला. पहारेकऱ्याला मीच सांगितलं होतं, घरच्याशिवाय कोणाला सोडू नको. फाटकापाशी उभी होतीस थंडीत, वरच्या खिडकीतून दिसत होतीस, हाच कोट. आणि तो विचारत होता. शुद्ध होती चांगली. माझ्याकडे बघून, मला, बायकोला विचारत होता — चेलो आली का? अकरा वर्षांत पहिल्यांदा जागेपणी तुझं नाव घेतलं त्याने. मी म्हटलं, आली होती. दारातून बघितलं तिने तुला, आणि म्हणाली, आता अशा माणसाचं मी काय करू, आणि गेली.

हो. असंच सांगितलं. काय बघतेस? तुला वाटलं तो तुझी वाट बघत गेला? नाही. तू टाकून गेलीस असं समजून गेला. हे घेऊन जा ला हुन्ताला, रोज रात्री उशाशी घे.

मला वाटलं होतं मग तरी माझ्याकडे वळेल. म्हणजे — हात धरायला कोणी नाही म्हटल्यावर, माझा तरी धरेल. भिंतीकडे तोंड केलं त्याने. दोन दिवस. मी पाणी पाजायला गेले तर ओठ मिटून घेतले, मुलाच्या हातून प्यायला. एक शब्द नाही बोलला मला, एक शिवीसुद्धा नाही, आणि तसाच गेला, आणि मी तिथे —

हे कशाला सांगतेय तुला. कोणाला सांगणार आहेस तू, आणि कोण ऐकणार तुझं. हाताने नको पुसूस डोळे, मिरचीचे हात आहेत. ऊठ. पायाकडचं मी मोलकरणीला उचलायला सांगेन, पण तुला नाही. दिवाणखान्यातून जायचं नाही, तिथे चुना मांडलाय, तुझी सावली पडायला नको त्यावर. मागच्या दाराने जा, कोंबड्यांच्या बाजूने. काही बोलणार आहेस? अगं, शिव्या तरी दे. दे की. तूही गप्पच बसणार?

कोण, ओफेलिया? ये, ये, आतच ये, उघडंच आहे दार. ही ना? कोणी नाही गं. गुंडाळायला हात कमी पडत होते म्हणून बसवली होती. निघालीच आहे ती.