झोळीत डाव्या कुशीवर

(मागचं अंगण, टळटळीत दुपार. दोन झाडांमध्ये हिरव्या कापडाची झोळी टांगलेली. झोळीत वहिनी उताण्या. शेजारी उभी त्यांची नणंद, जिला वहिनी लाडानं आणि रागानंही ‘वन्सं’च म्हणतात. मागच्या दाराच्या पायरीवर दादा, म्हणजे वहिनींचे यजमान.)

वहिनी : …ते आभाळ बघत पडणं तुमचं तुम्हाला लखलाभ. मला कूस हवी. अशी उताणी पडले ना वन्सं, की वाटतं आता चौघं येऊन उचलणार.

वन्सं : शुभ बोल की जरा! उद्या सकाळी सहलीला निघायचंय आपल्याला.

वहिनी : तुम्हाला निघायचंय. माझं अजून ठरायचंय.

वन्सं : ठरायचंय काय? महिनाभर नाचत होतीस. ‘तळ्याकाठी झोळीत झोपायचं, वन्सं, मी कध्धी झोपले नाही.’ आणि आज सकाळपासून एकेक खुसपट. आधी डास. मग अंधार. आता कूस.

वहिनी : डासांवर तुम्ही जाळी दाखवून मला गप्प केलंत. कुशीचं काय करणार? झोळी म्हणजे केळ्याचा आकार. केळं कधी कुशीवर झोपतं का?

वन्सं : केळं कुशीवरच झोपतं, वहिनी. टोपलीत बघ.

वहिनी : मघाशी वळले तर थेट जमिनीवर आले. कोपर अजून ठणकतंय.

वन्सं : कारण पलंगावर वळतेस तशी वळलीस. सगळं अंग एकदम झोकून दिलंस. शाळेत पन्नास पोरांना एका शिट्टीत डावीकडे वळवते मी, आणि एक भावजय वळेना!

वहिनी : पोरं उभी असतात.

दादा : मी सांगू का चूक कुठे आहे?

वहिनी : आले. माणूस निवृत्त होतो, साइट निवृत्त होत नाही.

दादा : अगं, चाळीस मजले उभे केलेत या हातांनी…

वहिनी : उभे केलेत ना? मला आडवं व्हायचंय.

दादा : दोरी बघ ताई… ए, तुला म्हणतोय, ताईबाई, मास्तरीणबाई. दोरी किती ताणलीयेस! तार झालीय तिची. झोळी जितकी ताणाल तितके काठ वर उठतात आणि माणूस मध्ये चिमटतो. सैल सोड. चांगलं पोट येऊ दे तिला.

वहिनी : तुमच्यासारखं?

दादा : माझ्यासारखं. पोट असलेली वस्तू स्थिर असते.

वन्सं : बोलतोय ते खरं आहे पण. वहिनी, उतर जरा. दादा, तू ती बाजू सोड, मी ही सोडते.

दादा : थांब, ओळंबा आणतो.

वहिनी : ओळंबा! भिंत बांधताय का? हात द्या आधी मला, मग काय आणायचं ते आणा. हळू… हळू म्हटलं ना! आई गं.

वन्सं : उतरलीस ना? झालं. दादा, पायाकडची बाजू वीतभर उंच बांध, नाहीतर झोपेत माणूस पायाकडे घसरत जातो.

दादा : बांधली. आता भार-चाचणी. बाजूला व्हा दोघी.

वहिनी : अहो, तुम्ही नका चढू त्यात! डॉक्टरांनी सांगितलंय ना जड काही…

दादा : जड काही उचलायचं नाही असं सांगितलंय. मी उचलत नाहीये, ही झोळी मला उचलणार आहे. हे बघ, असं बसायचं, आणि मग पाय… पाय… अगं, पाय कुठे गेला माझा?

वन्सं : दादा, मधोमध बस! काठावर बसलास तू!

दादा : आता मला काही दिसत नाहीये.

वहिनी : दिसणार कसं? तोंडावरून कापड गेलंय. नुसतं गाठोडं झालंय. वन्सं, हसताय काय, सोडवा त्यांना!

वन्सं : थांब गं, एक फोटो.

दादा : फोटो नको! चष्मा! माझ्या चष्म्यावर मी बसलोय!

वहिनी : श्वास घेता येतोय का? अहो! बोला काहीतरी!

दादा : बोलतोच आहे की!

वहिनी : बोलत राहा.

वन्सं : सुटलास बघ. चष्माही शाबूत आहे. काडी तेवढी वाकली. झाली भार-चाचणी?

दादा : उत्तीर्ण. झाडं भक्कम आहेत.

वन्सं : आता पायरीवर बस आणि तिथून हलू नकोस. वहिनी, तू ये. चप्पल काढ. मधोमध बस, पाठीमागचा काठ आधी हातानं खाली ओढून. शाब्बास. आता डोकं आणि पाय एकाच वेळी. सरळ नाही, तिरकं! डोकं माझ्याकडच्या काठाला, पाय पलीकडच्या काठाला.

वहिनी : वाकडी झोपू?

वन्सं : वाकडीच झोप. झोळीत सरळ माणूस केळं होतो, वाकडा माणूस सपाट होतो.

वहिनी : अय्या.

वन्सं : काय झालं?

वहिनी : पाठ टेकली की. अहो, पाठ टेकली सगळी! खाटेवर असल्यासारखं वाटतंय.

दादा : कर्ण. आयताचा कर्ण सगळ्यात लांब असतो.

वहिनी : तुम्ही गप्प बसा, कर्ण.

वन्सं : आता कुशीवर वळायचं. घाईनं नाही. आधी गुडघे वाकव, मग खांदा, मग कंबर. खालचा खांदा थोडा पुढे ओढून घे, त्याच्यावर भार नको. ही छोटी उशी मानेखाली, आणि ही गुडघ्यांच्या मध्ये. सांग, कुठल्या कुशीवर घेऊ?

वहिनी : डाव्या.

दादा : उजव्या.

वन्सं : झोपणार कोण आहे?

दादा : अगं, पण ती उजव्याच कुशीवर झोपते. लग्न झाल्यापासून. माझ्याकडे पाठ करून. ती पाठ मी चेहऱ्यापेक्षा चांगली ओळखतो.

वहिनी : आता डाव्या कुशीवर झोपते.

वन्सं : कधीपासून?

वहिनी : झालं वर्षभर. डाव्या कुशीवर पचन चांगलं होतं म्हणतात.

वन्सं : कोण म्हणतं?

वहिनी : सगळेच म्हणतात.

दादा : हो, खरंच की. हल्ली तोंड माझ्याकडे असतं हिचं. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. पचन होतं होय ते!

वन्सं : बरं, डावी तर डावी. वळ. गुडघे… हां. खांदा… कंबर… आणि सोड अंग. सोडलंस? आता काय म्हणतेस?

वहिनी : छान आहे.

वन्सं : ढोपर? मान? कुठे काही रुततंय?

वहिनी : नाही हो. खरंच छान आहे. हलतही नाही फारशी.

वन्सं : संपली अडचण! बॅग भर. सकाळी सातला गाडी दारात येते.

वहिनी : वन्सं, मी नाही येत.

वन्सं : आता काय राहिलं? डास झाले, अंधार झाला, कूस झाली!

वहिनी : नाही येत म्हटलं ना. तुम्ही जा.

दादा : अगं, असं काय करतेस? ती एवढी राबली, मी चष्मा वाकवून घेतला. जा की. माझी काळजी करू नकोस, मी मस्त राहीन दोन दिवस.

वहिनी : तुम्ही तर बोलूच नका.

दादा : मी काय केलं?

वहिनी : काही नाही केलंत. तेच तर.

वन्सं : वहिनी, उठू नकोस, पडशील. पडल्यापडल्या सांग. काय आहे नक्की?

वहिनी : माझा डावा कान अधू आहे, माहितीय ना तुम्हाला?

वन्सं : माहितीय. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर त्याच कानावर यंत्र लावून बसलीस.

वहिनी : मग. लग्नानंतर आठच दिवसांत कळलं, यजमान घोरतात. घोरतात म्हणजे कसे? दगड फोडायचं यंत्र लावल्यासारखे. मी काय करायची, उजव्या कुशीवर झोपायची. चांगला कान उशीत, अधू कान वर. निवांत झोप. इतकी वर्षं संसार झाला तो या एका कुशीवर.

दादा : म्हणजे ती पाठ माझ्यावर रागावून नव्हती?

वहिनी : रागावले की मी दुसऱ्या खोलीत जाते. एवढंही कळलं नाही का तुम्हाला?

वन्सं : मग डाव्या कुशीवर का आलीस?

वहिनी : गेल्या वर्षी यांच्या छातीत कळ आली ना. दवाखान्यातून घरी आणलं त्या रात्री मी आपली सवयीनं उजवीकडे वळले. आणि काहीच ऐकू येईना. म्हटलं, हे बरे आहेत की नाहीत, मला कळणार कसं? तेव्हा कूस बदलली. अधू कान खाली, चांगला वर. घोरणं ऐकू आलं की मी झोपते. थांबलं की उठून बघते.

वन्सं : रोज?

वहिनी : रोज. आता तळ्याकाठी मला काय ऐकू येणार? बेडूक?

वन्सं : …दादा, तू काहीतरी बोल.

दादा : मला माहीत होतं.

वहिनी : काय माहीत होतं?

दादा : तू उठतेस ते. माझ्या नाकाशी हात धरतेस. तुझा हात गार असतो, जाग येणार नाही तर काय होईल?

वहिनी : आणि तुम्ही गपचूप पडून राहता?

दादा : गपचूप नाही. घोरतो.

वहिनी : म्हणजे?

दादा : अगं, हल्ली मला झोपच कुठे लागते पहिल्यासारखी. जागाच असतो बराच वेळ. आणि जागा असलो की घोरणं बंद. घोरणं बंद की तू उठून बसतेस. म्हटलं, हिला तरी झोपू दे. म्हणून मी… मुद्दाम घोरतो.

वन्सं : खोटं?

दादा : अगदी खऱ्यासारखं.

वहिनी : घोरून दाखवा.

दादा : आत्ता?

वहिनी : आत्ता. इथे. माझ्या चांगल्या कानाजवळ या.

दादा : घर्रर्र… खुर्रर्र… फूऽऽ.

वहिनी : हेच! अगं बाई, हेच ते! आणि मी मेली म्हणायची, आज कसे सुरात घोरताहेत, बरं वाटतंय वाटतं यांना!

वन्सं : वर्षभर एक जण खोटं घोरतोय आणि दुसरी खरं ऐकतेय. धन्य आहे तुम्हा दोघांची. झोपतं कोण मग या घरात?

दादा : कोणीच नाही.

वहिनी : फसवलंत मला. मी त्या घोरण्यावर विसंबून होते हो. उद्या काही झालं असतं म्हणजे?

दादा : अगं, खोटं घोरायला तरी जिवंत असावं लागतं की.

वहिनी : हसवू नका. झोळी हलतेय.

वन्सं : आता मी बोलते, दोघांनी ऐकायचं. वहिनीला झोप हवी आहे. झोळी नंतर. दादाजवळ दोन रात्री कोणीतरी असलं, तर जाशील का?

वहिनी : कोण असणार?

दादा : शेजारचे कंपाउंडर येणार आहेत झोपायला.

वहिनी : हे कधी ठरलं?

दादा : परवाच. त्यांना बुद्धिबळ खेळायचं होतं.

वहिनी : कंपाउंडरांना बुद्धिबळ येत नाही.

दादा : येत नाही. मी शिकवणार आहे.

वहिनी : खरं सांगा.

दादा : खरं म्हणजे… एकट्याला मलाही भीती वाटते. तुला कसं सांगू? तू लगेच सहल रद्द केली असतीस.

वहिनी : केलीच असती.

दादा : म्हणून सांगितलं नाही. जा तू. कंपाउंडरांचे दोन्ही कान ठणठणीत आहेत.

वहिनी : त्यांना म्हणावं, नाकाशी हात धरायचा, पण आधी हात चोळून गरम करायचा.

दादा : सांगतो.

वहिनी : आणि रात्री भाताची पातेली उघडी ठेवून फोनवर गप्पा मारत बसू नका. आणि औषध जेवणानंतर, आधी नाही. आणि…

वन्सं : वहिनी, डोळे मीट. अजून पाच मिनिटं पडून बघ. मान अवघडते का ते पाच मिनिटांनीच कळतं.

वहिनी : मीटते. पण झोपणार नाही हं मी, बॅग भरायचीय. निळा स्वेटर कुठे ठेवलाय कोण जाणे… बहुतेक वरच्या… वरच्या कप्प्यात…

वन्सं : वरच्या कप्प्यात काय?… वहिनी?

दादा : झोपली.

वन्सं : एवढ्यात?

दादा : वर्षाची झोप साठलीय. जाऊ दे, बॅग मी भरतो. स्वेटर मला माहितीय कुठे आहे.

वन्सं : दादा, थांब. हा आवाज कसला येतोय?

दादा : कुठला?

वन्सं : हा. झोळीतून. अरे, ही घोरतेय! चांगली दणक्यात घोरतेय!

दादा : हळू बोल. तिला माहीत नाहीये.

वन्सं : म्हणजे आधीपासून? आणि तू कधी सांगितलं नाहीस तिला?

दादा : कशाला सांगू? येऊ दे की आवाज.