थोरलीला घरी आणताना

आमच्या धाकटीचं सांगतो, ऐका. थोरली हिंगोलीच्या दवाखान्यात बाळंत झाली, सिझर झालं. तिला आमच्या गावी, डोंगरकड्याला घरी आणायचं होतं, पण आमच्या जुन्या गाडीचे शॉकअप पार गेलेले. खड्डा आला की डोकं टपाला लागायचं.

आयटीआय शिकलेली धाकटी म्हणली, "बाबा, ताईला टाके हायत. अशा गाडीत न्हाई आणायचं. सामान आणा, मी बदलते."

"तुला जमंल?"

"तुमी फक्त पाने द्या."

दिवसभर राबून तिनं चारी शॉकअप अन् झिजलेले रबरी बुश बदलले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून थोरलीला अन् बाळाला घेऊन निघालो. खड्ड्यांचा रस्ता सरला तरी बाळ झोपलेलंच. मागून थोरली म्हणली, "बाबा, नवी गाडी घेतली काय?"

म्हणलं, "गाडी तीच हाय. मिस्त्री आपल्या घरची हाय!"