वाळल्या काडीची माळ

मी मूळची पुणतांब्याची बघा, गंगेच्या काठाची, आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कोन म्हनत न्हाई, गंगाच म्हन्तात. आन् लहानपनाचं काय आठवतं म्हनाल तर पिवळं आठवतं. माझी आई कावीळ उतरवायची. दर रैवारी सकाळी दारात मानसं, पिवळ्या डोळ्यांची, पिवळ्या नखांची, ओट्यावर गप बसलेली, वरनं कवळं ऊन पडायचं ते बी पिवळंच, आन् मला वाटायचं समदं जग एकाच रंगात भिजलंय, आमचं घर, भिंती, कोंबड्या सुदीक. कोंबड्या मातर खरंच पिवळ्या हुत्या.

काय सांगू तुमाला आईच्या बोटांचं! एका वेलाच्या ओल्या काड्या आनायची, वेलाचं नाव सांगायचं नसतं, मी बी सांगनार न्हाई, तुमी लगीच लिहून घ्याल. काडीला काडी लावून दोऱ्याची सरकगाठ मारायची, अशी बारकी माळ करून डोक्यावर ठेवायची. मंग काडी वाळती, आकसती, गाठ सैल पडती, आन् माळ वाढत जाती. डोक्यावरची गळ्यात येती, गळ्यातली पोटावर, मंग पायात. पायात आली की कावीळ उतरली म्हनायचं आन् माळ गंगेत सोडायची. एक नारळ ठेवायचा, बाकी काय घ्यायचं न्हाई. आन् बांधनारीनं सोताची माळ सोता बांधायची न्हाई, हा मोठा नेम. म्हनून आईनं मला शिकवून ठेवली. मी म्हनायची, मला कशाला? ती म्हनायची, माझी येळ आली तर कोन बांधील गं, तुझा बाप?

लगीन झालं आन् केडगावला आले. मालक नागापूरला कंपनीत, मशीनवर. चांगला मानूस हुता, उगं मेल्यावर चांगला म्हनत न्हाई मी, खरंच हुता. सारखा ताप यायचा, वाळत गेला, कळलं तवा लई उशीर झाल्ता. मंग माझं रगात तपासलं, तर माझ्यात बी तेच, एचआयव्ही. म्हायेरी आले तर भावजयीनं माझा कप येगळा काढून खिडकीत ठेवला. आई मला घिऊन गंगेवर गेली, पायरीवर बसलो दोघी, मी म्हनलं आई, बांध मला माळ. ती म्हनली, तुझ्या दुखन्याला माझ्याकडं माळ न्हाई पोरी, तू डाक्टरची गोळी घे, एक दिस चुकवू नको. तिच्या तोंडनं ते आईकलं आन् मी घ्याया लागले. आज तुमच्याम्होरं बसलेय ती त्या गोळीवर. पन म्हायेरला जानं कमी झालं. त्या खिडकीतल्या कपाचं मला लई लागलं हुतं.

मंग संस्थेत लागले. आमची संस्था म्हंजी आमच्यासारख्याच बाया, काम काय तर लोकांना समजून सांगायचं, गोळी कुठं मिळती, फुकट मिळती, मधी सोडायची न्हाई, एका ताटात जेवल्यानं काय हुत न्हाई. दवाखान्यात गोळ्या संपल्या का आमी जाऊन व्हरांड्यात बसतो. भांडत न्हाई काय न्हाई, नुसतं बसतो, आन् डबे सोडतो. तिथला सायेब म्हन्तो, आलं का तुमचं वनभोजन? मी म्हन्ते, गोळ्या आल्या की उठतो, तवर भाकर खावा. हसतो बिचारा, पन फोन लावतो. आता काविळीचं बी काम करतो आमी. काविळीची एक जात अशी हाय का डोळे पिवळे हुतच न्हाईत, गप लिव्हरात बसून ऱ्हाती वर्सानुवर्सं, तिला लोक पांढरी कावीळ म्हन्तात. आन् गंमत अशी, लोक डोळे बघत्यात, पांढरे दिसले का म्हन्तात उतरली. अरं बाबा, पांढरीच हाय ती, तिचं काय उतरनार!

तर पुणतांब्याला शिबिर घेतलं, आन् समद्यांनी तपासावं म्हनून आईला पयली बसवली. तिच्यातच निघाली, पांढरी. डाक्टर म्हनले, मागं कवातरी आपरेशनात रगात चढवलं असंल त्यातनं आली असंल, लिव्हर खराब व्हाया लागलंय, पन तीन म्हैने गोळ्या घेतल्या तर बरी हुती, न्हाई घेतल्या तर पुढं अवघड हाय. मी लगीच गोळ्यांचा कागद लिहून घेतला. आन् आई? पदर सावरला आन् म्हनली, मी गोळी घेनार न्हाई. इतक्या लोकांची उतरवली आन् मी गोळी घिऊ? रैवारी ओट्यावर कोनच्या तोंडानं बसू?

लई भांडलो. मी रडले, तिला हट्टी म्हनलं, म्हातारे म्हनलं, ती कोंबड्यांना दाने टाकत बसली. शेवटी म्हनली, माझी येळ आलीय, माळ बांध. मी म्हनलं, बांधते, पन माळ पायात येस्तवर गोळी घ्यायची. माझ्याकडं बघितलं, आन् म्हनली, बरं.

आता ओली काडी बांधली असती तर आठवड्यात पायात आली असती, आन् गोळी बंद. माळवदाखाली आडव्या वाशाला गेल्या सालची जुडी टांगलेली हुती, कडकडीत वाळलेली. वाळली काडी आकसंल कशी? गाठ सैल पडंल कशी? त्याच काड्यांची बांधली मी. आई डोळे मिटून बसली हुती, मी डोक्यावर ठेवली, तिनं वरनं पदर घेतला.

मंग दर म्हैन्याला मी गोळ्या घिऊन जायची. दुपारची एश्टी, राहुरी मागं पडली का ऊस सुरू व्हायचा, खिडकीतनं वारं, आन् मला डुलकी लागायची. एकच सपान पडायचं. गंगा हाळदीवानी पिवळी, आई मधी उभी, डोक्यावरनं माळ उतरतीय, उतरतीय, पान्यावर पसरतीय, पार त्या काठाला लागतीय, आन् मी म्हन्ते थांब आई, अजून गोळ्या ऱ्हायल्यात. कंडक्टर उठवायचा. घरी जाऊन आधी तिचा पदर सारून बघायची, माळ जागच्या जागी. मंग जेवायचं, गंगेवर जाऊन बसायचं, ती लहानपनीचं कायबाय सांगायची, मी आईकायची. काय दिस हुते वो ते, दुखन्यातले असून बी.

गोळ्या संपल्या, मंग काय दिसांनी परत रगात तपासलं, निघाली सोच्छ. मी कागद नाचवत आले, आन् तिच्या डोक्याकडं बघितलं तर भ्याच वाटलं. माळ तिथंच. आता हिला काय सांगायचं, तुझी माळ खोटी पडली म्हनून? तर आईच हसली. म्हनली, अगं येडे, वाळली काडी कवा उतरती का? डोक्याला टोचली तवाच कळलं मला. मी म्हनलं, मंग बोलली का न्हाईस? ओल्या काडीची मागायची, आठ दिसांत मोकळी झाली असतीस. तर म्हनली, मोकळी झाले असते, आन् तू? माळ उतरली असती तर तू कशाला आली असतीस म्हैन्याच्या म्हैन्याला? त्या कपापायी तू वाटच मोडली हुतीस पोरी, मला काय दिसत न्हवतं व्हय.

मी तिच्या मांडीवर डोकं ठिऊन रडले, लई रडले.

आता रैवारी ओट्यावर दोघी बसतो. कोन आलं का आई म्हन्ती, आधी हिच्याकडं जा, रगात तपासून ये, गोळी दिली तर गोळी घे, मंग माळ बांधते. लोक तिचं आईकत्यात, माझं कुठं आईकत्यात मेले! भावजयीनं समदे कप एकसारखे आनलेत, कुठला कुनाचा तिलाच वळखू येईना. आन् आईनं ती माळ काय गंगेत सोडली न्हाई. म्हन्ती, उतरली न्हाई ती सोडायची नसती. अजून पदराखाली हाय. सांजच्याला मी निघाले का इचारती, बघ गं, उतरली का? मी पदर सारते, बघते, म्हन्ते, न्हाई आई, अजून न्हाई.

मंग ये पुढल्या रैवारी, म्हन्ती.